शनिवारची बैठक

भोपाळच्या यादगार-ए-शाहजहानी पार्कात दर शनिवारी बायका जमत. काझी कँप, छोला, चांदबड, जयप्रकाश नगर अशा वस्त्यांमधून त्या येत. बहुतेक जणी गरीब घरच्या. कोणी विडी वळणारी, कोणी धुणीभांडी करणारी, कोणी सोळाव्या वर्षी लग्न होऊन या शहरात आलेली आणि पुढे विधवा झालेली. जमिनीवर बसायचं, या आठवड्यात कोर्टात काय झालं ते ऐकायचं, इस्पितळात कोणाला औषध नाकारलं ते सांगायचं, पुढच्या मोर्चाची तारीख ठरवायची, घोषणा द्यायच्या आणि घरी जायचं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा नेम सुरू झाला आणि तीस वर्षांहून अधिक काळ चालला. संघटनेचं नाव भोपाल गॅस पीडित महिला उद्योग संगठन. तिचे संयोजक अब्दुल जब्बार. सगळ्यांचे जब्बारभाई.

राष्ट्रीय दुर्घटनेची आठवण आपण कशी ठेवतो? वर्षातून एकदा पुष्पचक्र, दोन मिनिटांचं मौन, वर्तमानपत्रात एक जुना फोटो. भोपाळमध्येही ३ डिसेंबरला सर्वधर्म प्रार्थना होते, सरकारी कार्यालयं बंद असतात. पण ज्यांच्या छातीत गॅसगळतीची ती रात्र अजून बसलेली आहे, त्यांना वर्षातला एक दिवस पुरणारा नव्हता. त्यांनी आठवड्यातला एक दिवस धरला, आणि आठवणीचं रूपांतर कामात केलं. या बैठकीचं मोठेपण मला तिथे दिसतं.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि आतलं मिथाइल आयसोसायनेट उकळायला लागलं. वायू थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी काढलेली. सुमारे चाळीस टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. पाच लाखांहून अधिक माणसं त्याच्या तडाख्यात सापडली. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढत गेला, आणि पीडितांच्या संघटना आजही वीस हजारांच्या वरचा आकडा सांगतात. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकात लिहून सावध केलं होतं. कोणी ऐकलं नाही.

जब्बारभाई तेव्हा राजेंद्र नगरात राहायचे आणि बोअरवेलची कामं करायचे. त्या रात्री आईला स्कूटरवर बसवून त्यांनी शहराबाहेर नेलं, आणि परत आले तेव्हा रस्त्यावर प्रेतं होती. पुढे याच गॅसने त्यांचे आईवडील आणि भाऊ गेले. त्यांची स्वतःची फुप्फुसं आणि दृष्टी अधू झाली.

संघटनेचा जन्म मात्र न्यायाच्या मोठ्या गप्पांतून झाला नाही, शिलाई मशीनवर झाला. दुर्घटनेनंतर सरकारने बायकांसाठी शिवणकेंद्रं काढली होती. घरातला पुरुष मेलेला किंवा दमेकरी होऊन खाटेवर पडलेला. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर कमवायला गेल्या नव्हत्या, त्यांच्या हातात पहिल्यांदा मजुरी पडली. मग ती केंद्रं बंद झाली. त्या बंदीविरुद्ध ज्या बायका रस्त्यावर आल्या, त्याच शनिवारी पार्कात जमायला लागल्या. ‘खैरात नहीं, रोज़गार चाहिए’ ही त्यांची घोषणा. पुढे संघटनेने स्वाभिमान केंद्र उभारलं आणि तिथे शिवण, जरीकाम शिकवलं. परदेशी पैसा घ्यायचा नाही, हा जब्बारभाईंचा हट्ट शेवटपर्यंत टिकला. सभासदांच्या वर्गणीवर संघटना चालली. त्या हट्टाची किंमत जब्बारभाईंनी स्वतःच्या संसारात मोजली.

अशीच गोष्ट स्टेशनरी बनवणाऱ्या बायकांची. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला सरकारी शेडमध्ये कागदी माल बनवायच्या. एक मुसलमान, एक हिंदू, दोघींच्या घरात गॅसने माणसं नेलेली. मजुरी अगदीच कमी म्हणून त्यांनी युनियन काढली, आणि १९८९ च्या जूनमध्ये सहकारी बायका आणि काखेत मुलं घेऊन भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. सातशे किलोमीटरहून जास्त अंतर, जूनचं ऊन, आणि चालणाऱ्यांची फुप्फुसं जळलेली. २००४ मध्ये दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी गॅसग्रस्तांच्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला. ‘हम भोपाल की नारी हैं, फूल नहीं चिंगारी हैं’ ही मोर्चातली घोषणा अशी एका पुनर्वसन केंद्राच्या दारावर जाऊन बसली.

आता पैशांबद्दल सांगायला हवं, कारण शनिवारचा बराच वेळ त्यातच जायचा. १९८५ मध्ये कायदा करून पीडितांच्या वतीने भांडण्याचा हक्क केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. भरपाईची मागणी ३३० कोटी डॉलरची केली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ७१५ कोटी रुपये. ज्यांच्या नावाने ती झाली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. वर कंपनीवरचे फौजदारी खटलेही मिटवून टाकले होते. संघटनांनी फेरविचाराच्या याचिका केल्या आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले. रक्कम मात्र तीच राहिली. बहुतेक जखमींच्या वाट्याला आले पंचवीस हजार रुपये, आणि त्यातूनही आधी दरमहा दिलेली दोनशे रुपयांची अंतरिम मदत कापून घेतली.

पण या हिशेबात एक गोष्ट बायकांच्या संघटनेच्या लक्षात राहिली. तडजोडीचा पैसा डॉलरमध्ये ठेवलेला होता. पंधरा वर्षांत रुपया घसरत गेला, व्याज चढत गेलं, आणि वाटप होऊनही सुमारे दीड हजार कोटी रुपये शिल्लक राहिले. तो पैसा कोणाचा? संघटना न्यायालयात गेल्या. जुलै २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो पीडितांचाच आहे आणि ज्यांना भरपाई मिळाली त्यांना त्याच प्रमाणात वाटा. जिला पंचवीस हजार मिळाले होते, तिला आणखी पंचवीस हजार मिळाले. साडेपाच लाखांहून अधिक माणसांच्या घरात हे पैसे पोचले. ज्या बायकांना सही येत नव्हती, त्यांनी दर आठवड्याला एकत्र बसून दाव्याचे कागद, इस्पितळाच्या चिठ्ठ्या, न्यायालयाच्या तारखा लक्षात ठेवल्या म्हणून हे झालं. स्मृती जपणं म्हणजे काय, याचं याहून ठोस उत्तर मी दुसरं देऊ शकत नाही.

आजाराची नोंद ठेवण्याची कथाही अशीच, आणि तिच्यात महाराष्ट्राचा धागा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅस लागलेल्यांच्या फुप्फुसांवर सुरुवातीच्या काळातच निरीक्षणं प्रसिद्ध केली. मेडिको फ्रेंड सर्कलच्या डॉक्टरांनी मार्च १९८५ मध्ये कारखान्यासमोरचं जयप्रकाश नगर आणि लांबचं अण्णा नगर यांची तुलना केली. डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल वस्त्यांमध्ये गेल्या आणि त्यांनी बायकांना जे कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात सूज, पाळीत अति रक्तस्राव यांचं प्रमाण फार मोठं निघालं. सरकारी यंत्रणा डोळे आणि छाती तपासत होती. गर्भाशय तिच्या कागदावर नव्हतंच. शनिवारी जमणाऱ्या बायका जे एकमेकींच्या कानात सांगत होत्या, ते अशा अभ्यासांमुळे कागदावर आलं. १९९६ पासून सतीनाथ सारंगी आणि सहकाऱ्यांचं संभावना क्लिनिक याच रुग्णांवर मोफत उपचार करत आलं आहे.

वस्तूंमधली आठवण जपण्याचं काम उशिरा सुरू झालं. २०१४ मध्ये, दुर्घटनेला तीस वर्षं होताना, पीडितांनी आणि कार्यकर्त्यांनी ‘रिमेंबर भोपाल’ संग्रहालय उघडलं. पत्रकार आणि संग्रहालयतज्ज्ञ रमा लक्ष्मी यांनी त्याची मांडणी केली. सरकारचा पैसा नाही, कंपन्यांचा नाही. भिंतीवर टेलिफोनचे रिसीव्हर आहेत. एखादा कानाला लावला की त्या रात्रीतून वाचलेलं माणूस स्वतःच्या आवाजात बोलू लागतं. कारखान्यासमोरचा आईमुलाचा पुतळाही सरकारी नाही. रुथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने तो दुर्घटनेनंतर वर्षभरातच घडवला. ही सगळी स्मारकं लोकांनी उभारली, याची नोंद इतिहासाने ठळक ठेवली पाहिजे.

७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने कार्बाइडच्या भारतीय कंपनीच्या सात हयात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी जामीनही झाला. पंचवीस वर्षांहून जास्त वाट पाहून हे हाती आलं. अमेरिकन कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन भारतातल्या न्यायालयासमोर कधीच उभा राहिला नाही. २०१४ मध्ये तो गेला. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. अशा निकालांनंतरच्या शनिवारी पार्कात यायला किती बळ लागत असेल, हा विचार मला फार अस्वस्थ करतो.

जब्बारभाई १४ नोव्हेंबर २०१९ रोजी गेले. मधुमेह, पायाला गँगरीन आणि उपचारांपुरतेही पैसे नाहीत, अशी अवस्था होती. २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यानंतरही संघटनेने खटले सोडले नाहीत. २०१२ मध्ये तिच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने गॅसपीडितांच्या उपचारांवर देखरेख समिती नेमायला आणि प्रत्येकाची वैद्यकीय नोंद नीट ठेवायला सांगितलं होतं. त्या आदेशाची अंमलबजावणी व्हावी म्हणून जबलपूरच्या उच्च न्यायालयात भांडण चालूच राहिलं.

दरम्यान बंद कारखान्यात पडून राहिलेला कचराही हलला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री सुमारे ३३७ टन विषारी कचरा बंद कंटेनरांतून जाळण्यासाठी पीथमपूरला निघाला. आपल्या गावात तो जाळू नये म्हणून तिथले लोक रस्त्यावर आले. काही महिन्यांत तो जाळून झाला आणि मागे राहिली राख. भोपाळच्या संघटनांचं म्हणणं साधं आहे. गोदामातला हा साठा म्हणजे एकूण प्रदूषणाचा लहानसा भाग. कारखान्याच्या आवारातल्या आणि भोवतालच्या जमिनीत मुरलेलं रसायन तिथेच आहे, आसपासच्या वस्त्यांचं भूजल त्यानेच नासलं आहे, आणि त्या जमिनीची, त्या पाण्याची सफाई अजून व्हायची आहे.