शेवटच्या पन्नास युनिटांचा हिशेब

जून लागला की नागपूरकर पावसाची वाट पाहतात आणि मे महिन्याच्या वीजबिलाची धास्ती घेतात. पाऊस लांबतो, बिल लांबत नाही. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. 2024 च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश दाखवले. यंत्रात दोष होता, असा खुलासा हवामान खात्याने केला. पण नवतपाच्या नऊ तापत्या दिवसांत दुपारी दोन वाजता स्कूटर चालवलेल्या माणसाला तो आकडा अगदीच खोटा वाटला नसेल.

शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रे आहेत. वीज आमच्या उशाशी तयार होते, धूर आणि राखही आमच्याच वाट्याला, मग बिल का एवढे, ही इथली जुनी तक्रार. तक्रारीत तथ्य असले तरी तिने बिल उतरत नाही. 2011 ते 2019 या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स विभागांत वीजवितरण फ्रँचायझीकडे होते. आधी स्पॅन्को, मग एसएनडीएल. सप्टेंबर 2019 मध्ये ते पुन्हा महावितरणकडे आले. बिलावरचे नाव बदलत गेले, पण दर ठरवणारा वीज नियामक आयोग तोच राहिला.

बचतीची किल्ली त्या दरपत्रकातच आहे. 2024-25 मध्ये महावितरणच्या घरगुती ग्राहकाला वहन आकारासह पहिली 100 युनिटे 5 रुपये 88 पैशांनी पडत. 101 ते 300 पर्यंतचा दर होता 11 रुपये 46 पैसे, 301 ते 500 पर्यंत 15 रुपये 72 पैसे आणि त्यापुढे 17 रुपये 81 पैसे. नंतर दर बदलले, पण पायऱ्या राहिल्या. समजा, एका घरात मे महिन्यात 350 युनिटे जळली. तेव्हाचा स्थिर आकार आणि 16 टक्के वीजशुल्क धरून बिल होते सुमारे 4,400 रुपये. इंधन समायोजन आकार वेगळा. याच घराने शेवटची 50 युनिटे वाचवली तर बिल सुमारे 900 रुपयांनी उतरते. वापर कमी झाला सातव्या हिश्शाने, बिल मात्र पाचव्या हिश्शाने! म्हणून ‘दिवे बंद करा’ या सरसकट उपदेशापेक्षा वरच्या पायरीवरची युनिटे कोण खाते, हे शोधणे जास्त फायद्याचे.

नागपुरात उत्तर बहुधा एकच निघते: थंडावा. आणि इथेच या शहराच्या हाताशी एक हुकमी एक्का आहे. तो म्हणजे कूलर.

मार्चपासून रस्त्याच्या कडेला लोखंडी कूलरांच्या रांगा लागतात आणि जुन्या कूलरच्या ताट्या बदलून घेण्याची लगबग सुरू होते. पुण्या-मुंबईचा पाहुणा या पत्र्याच्या खोक्याकडे जरा संशयानेच बघतो. पण त्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून साधारण पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता शोषून घेते. बाहेर 44 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा 29 अंशांच्या आसपास उतरू शकते. पंखा आणि पाण्याचा पंप मिळून खर्च होतात साधारण 200 वॅट, म्हणजे दहा तासांची दोन युनिटे. दीड टनाचा एसी रात्रभर चालला, तर त्याच्या कितीतरी पट खातो. मुंबईच्या दमट हवेत हा खेळ जमत नाही, आणि पाऊस पडल्यावर नागपुरातही संपतो. पण बिल फुगते ते नेमके कोरड्या महिन्यांतच.

मात्र कूलरचाही एक रिवाज आहे. तो खिडकीत बसवून समोरची खिडकी किंवा दार किलकिले ठेवावे लागते. दारे लावून घेतली की खोलीतली दमट हवा कोंडते, घाम वाळत नाही आणि ‘कूलर चालतच नाही’ म्हणत माणूस एसीच्या दुकानात जातो. ताटीवर पांढरा क्षार साचला असेल किंवा पाणी मधल्या पट्ट्यातूनच गळत असेल, तर कोरड्या भागातून गरम झळ थेट आत शिरते. वाळ्याच्या ताटीचा सुगंध हवाहवासा खरा, पण घटकाभर वेळ काढून पाणी कडेपर्यंत झिरपते का ते पाहणे जास्त कामाचे.

दोन धोके सांगितल्यावाचून हा विषय पुढे नेता येत नाही. कूलरचा शॉक लागून विदर्भात उन्हाळ्यात माणसे दगावतात. ओल्या पायांनी, चालू कूलरच्या टाकीत पाणी भरताना. अर्थिंग तपासून घेणे, प्लग काढल्याशिवाय हात न लावणे आणि घरात विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारे यंत्र बसवणे, यात बचतीचा विचारच करू नये. दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो, म्हणून महापालिकेची पथके घरोघर कूलर तपासत फिरतात.

ज्यांना एसी लागतोच, त्यांच्यासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोचा ठोकताळा आहे: तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 24 ते 26 अंशांवर एसी आणि जोडीला मंद पंखा, एवढे पुरते. पंख्याचे गणित त्याहून सरळ आहे. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला 20 युनिटे वाचतात. 2024-25 च्या दराने दुसऱ्या पायरीवर त्यांचे शुल्कासह सुमारे 265 रुपये होत.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी स्लॅबकडे पाहावे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग दिला की तो कमी तापतो. खर्च कमी, आणि गुण पहिल्याच रात्री कळतो.

नागपूर महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन यांचा ‘पौर्णिमा दिवस’ही इथे आठवतो. तत्कालीन महापौर अनिल सोले यांच्या कल्पनेतून सुरू झालेला हा उपक्रम. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ अनावश्यक दिवे मालवायचे. उपक्रम देखणा आहे, मुलांना सवय लावणारा आहे. पण घरच्या बिलापुरते बोलायचे तर एलईडीच्या काळात तासाभराच्या दिव्यांनी काही रुपयेही वाचत नाहीत. तोच तास एसीचा असेल तर गोष्ट वेगळी.

मग सौरऊर्जा. पीएम सूर्यघर योजनेत 2024 पासून तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरली, तर महिन्याला 360 युनिटे होतात, आणि पॅनेलच्या सावलीत गच्चीही कमी तापते. पण नागपूरच्या मेमध्ये ऊन जास्त म्हणून वीजही तितकीच जास्त, हा गैरसमज आहे. तापलेल्या पॅनेलची क्षमता घटते, वर धुळीचा थर बसतो. शिवाय मोठी अडचण अशी की फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची गच्ची त्याच्या एकट्याची नसते, आणि भाडेकरूची तर मुळीच नसते. त्यांच्यासाठी कूलर, पंखा आणि चुना हेच खरे.

वेळेनुसार वापर मोजणारे टीओडी मीटर असलेल्या घरांना 1 जुलै 2025 पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन आणि इस्त्री त्या वेळेत आणता येते.

दिवाळीच्या साफसफाईत कूलर खिडकीतून निघेल, तेव्हा जुन्या ताट्या फेकून टाकी कोरडी करा. मग एक बिल हातात घ्या. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. एप्रिल ते जूनमध्ये 300 ची पायरी किती युनिटांनी ओलांडली, ते बघा आणि पंखा घ्यायचा की गच्ची रंगवायची, हे मार्च लागण्याआधी ठरवा.