फर्स्ट कॉपीचे दिवस

तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्या काळात इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॉब लेथवर बुश नि पिना काढणाऱ्या माणसाच्या मनगटावर हमखास एचएमटी दिसायचं. जनता, पायलट, नाहीतर लग्नात सासऱ्यांनी हौसेनं दिलेलं कोहिनूर. समोरच्या लेथवरही तीच तीन अक्षरं. १९५३ साली यंत्रं बनवायला निघालेली ही सरकारी कंपनी १९६१ साली जपानच्या सिटिझनचा हात धरून घड्याळांत उतरली होती. रोज सकाळी चावी द्यायची की झालं. आतलं मशीन सेकंदाला पाच ठोके टाकत राहायचं.

मग ‘फर्स्ट कॉपी’ आली. कुणी मुंबईला मनीष मार्केटात गेलं की घेऊन यायचं. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार होताच. डायलवर रोलेक्सचा मुकुट आणि आत स्वस्तातलं क्वार्ट्झ. खऱ्या रोलेक्स सबमरीनरचा सेकंदकाटा सरकत जातो, हा दर सेकंदाला टक्कन उडी मारायचा. पावसाळ्यात काचेआड बाष्प धरायचं, दिवाळीपर्यंत साखळीचा मुलामा उडायचा. ती हौस नावाची होती. चारचौघांत शोभेल असं काही मनगटावर असावं, असं वाटण्यात मला गैर काही दिसत नाही. छंद मात्र त्याला म्हणता येणार नाही.

छंद सुरू झाला तो कॉपीत ऑटोमॅटिक मशीन येऊ लागल्यावर. कशात सिटिझनच्याच मियोटाचं मशीन, कशात स्विस ईटीए २८२४ चं चिनी जुळं. मागचं झाकण उघडायचं आणि दहा पटीची लूप, म्हणजे भिंग, डोळ्याला लावायची. आमच्याकडची माणसं दिवसभर मायक्रोमीटर हातात धरणारी. त्यांना डायलवरच्या नावापेक्षा आतलं काम आधी दिसायचं. अक्षरांच्या कडा विरलेल्या. तारखेचा आकडा खिडकीत जरा खाली बसलेला. स्क्रूच्या खाचेत बर तसाच, म्हणजे डीबरिंगच केलेलं नाही. आणि त्याच मशीनमध्ये बॅलन्सच्या दांडीचं टोक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकं, तरी नीट टर्न केलेलं, माणकाच्या भोकात अलगद फिरणारं. ते पाहिल्यावर गप्पांचा रोखच बदलायचा. हे कशावर काढलं असेल? टॉलरन्स किती धरला असेल? आपल्या पट्ट्यात ज्याला स्विस टाइप म्हणतात तो स्लायडिंग हेड लेथ एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांचे सुटे भाग काढायलाच जन्माला आला, आणि सिटिझन आजही असे लेथ बनवते. आपण पंपाच्या नि ब्रेकच्या पिना ज्या घराण्याच्या मशीनवर काढतो, घड्याळ त्याच घराण्यातलं, हे कळल्यावर नकली घड्याळसुद्धा शिकण्याजोगं वाटू लागलं. ही ओढ मी आजही खोटी मानत नाही.

कॉपी वाईटच, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, त्याचं कारण इथून जवळच आकुर्डीत आहे. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. अंगकाठी सरळसरळ वेस्पाची, पण नाव बजाजचं. गिऱ्हाइकाला आपण काय घेतोय ते पुरतं ठाऊक होतं. घड्याळांतही हेच घडलं आहे. २८२४ चं पेटंट सरल्यावर चीनच्या सीगलने त्याच घडणीचं एसटी२१३० काढलं आणि खुद्द स्वित्झर्लंडच्या सेलिटाने एसडब्ल्यू२००. दुसऱ्याचं काम उलगडून शिकणं आणि आपल्या नावाने विकणं, कारखानदारी अशीच उभी राहते. डायलवर दुसऱ्याचा मुकुट छापला की ती फसवणूक होते. ज्याने घेतलं त्याला माहीत असतं, हे पहिल्या मालकापुरतंच खरं. पुढे तेच घड्याळ तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात ‘ओरिजिनल’ म्हणून पडतं. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

याची झळ आम्हाला खरी लागली ती एचएमटीमुळे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. एरवी कपाटात पडून राहिलेल्या जनता-पायलटचे भाव चढले आणि मागोमाग बाजारात ‘मुंबई स्पेशल’चा सुळसुळाट झाला. जुनं झिजलेलं मशीन, तिसऱ्याच घड्याळाची केस आणि वर नव्याने रंगवलेला भडक डायल, जो मूळ घड्याळाला कधी नव्हताच. फावर ल्यूबाच्या सी चीफचंही तेच. लूपखाली छपाई जाड दिसते, मिनिटांचे ठिपके वेडेवाकडे असतात, डायल कोरा करकरीत आणि आतले स्क्रू मात्र शंभरदा फिरवून खराब झालेले. परक्या मुकुटाची नक्कल चालवून घेणारे आमच्यातले कितीतरी जण हे पाहून चिडले. वडिलांच्या हातावरच्या घड्याळाचं नाव कुणीतरी असं वापरत होतं. फर्स्ट कॉपीवरचं मन उडालं ते माझ्या मते तिथे.

आता इथल्या रुपीनगरच्या खोल्यांतून आणि आयटी पार्कातल्या पोरांतून वेगळाच उद्योग चालतो. सायकोचं एनएच३५ मशीन मागवायचं, वर नाव नसलेला डायल, आवडीचे काटे, स्टीलची केस, आणि सुट्टीच्या दिवशी घरीच जुळवणी करायची. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे ही त्या मशीनची कारखान्याने सांगितलेली मर्यादा; रेग्युलेटरची पट्टी केसभर सरकवून फरक पाच-सात सेकंदांवर आणला की मोबाइलवरचा ठोक्यांचा आलेख मित्रांना दाखवायचा. तयार मिळणारी होमेज घड्याळंही खपतात, सबमरीनरच्या वळणाची पण आपलंच नाव लावणारी. मला जुळवणीचं काम जास्त आवडतं. सध्या बोलणं चाललंय ते केस इथेच काढण्याचं. ३१६ एलचा बार, सीएनसी, पॉलिशिंगवाला, सगळं या पट्ट्यात आहे. अडतंय ते गॅस्केटच्या खाचेच्या मापावर आणि काच दाबून बसवायच्या डायवर.