पातं, पाठ आणि शेपूट

पहाटे ५.४५

उन्हाळा लागला की लोहारमामा उजाडायच्या आत भट्टी पेटवतात. नऊनंतर टिनाच्या शेडखाली बाहेरचं ऊन आणि आतला कोळसा यांत फारसा फरक उरत नाही. मी पोहोचलो तेव्हा लाइन गेलेली, ब्लोअर बंद, आणि मामांचा नातू जुना चामड्याचा भाता दाबत बसलेला. भात्याची झडप फाटलीय. अर्धी हवा निखाऱ्यांकडे, अर्धी नातवाच्या तोंडावर.

"चामडं आणून द्या न जी भाऊ, चांगलं जाड पाह्यून," मामा गेल्या दिवाळीपासून सांगतात. मी गेल्या दिवाळीपासून विसरतो.

कुहीत माझं अवजारांचं दुकान आहे. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पावश्या, वखराच्या पासा. काही माल कारखान्याचा, काही मामांच्या हातचा. आज मात्र मी एकाच सुरीसाठी आलो होतो. नागपूरचा एक पोरगा पंधरा दिवसांमागे दुकानात येऊन ऑर्डर देऊन गेला. जंगलात तग धरायला लागणारी, न दुमडणारी, एकदम मजबूत सुरी. त्याचा शब्द 'सर्व्हायव्हल नाइफ'. मामांना मी सांगितलं, "एक सुरी पाह्यजे, मोडू नये." मामा म्हणाले, "मोडाची कायले करू?"

पातं ट्रकच्या कमानपाट्याचं. या पोलादात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्का असतो. ट्रकच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं वाकून परत सरळ होण्याची त्याला सवय आहे, म्हणून सुरीला चांगलं. पण जुना पाटा घ्यायचा तर तडा बघून घ्यावा लागतो. मामा तो दोरीने टांगून हातोडीने वाजवतात. नाद लांबला तर ठीक, बद्द आवाज आला तर खुरप्याच्या ढिगात.

घडाई काल झाली होती, भोकंही पाडून झाली होती. आज पाणी द्यायचं, म्हणजे तापवून, बुडवून कडक करायचं होतं. पातं लाल झालं की मामा त्याला फुटक्या स्पीकरमधून काढलेला चुंबक लावून बघतात. साधारण ७७० अंशांच्या पुढे पोलाद चुंबकाला ओळख देत नाही. चुंबक सुटला की आणखी थोडी आच, आणि मग भपकन काळ्या ऑइलात. पाण्यात नाही. या पोलादाला साध्या पाण्यात बुडवलं तर 'टिक' असा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज आला की सुरी संपली.

ऑइलातून निघालेलं पातं काचेसारखं कडक असतं, आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून पाणी उतरवायचं. मामांनी पातं घासून उजळ केलं आणि पाठीकडून मंद शेक दिला. पाठीवर रंग चढत गेले: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. पाठ निळी झाली आणि धारेवर पिवळा तपकिरीकडे झुकायला लागला, त्या क्षणी मामांनी पातं बाजूला घेतलं. पाठ लवचिक, धार कडक. हे काम थर्मामीटरने करतात ते लोकही शेवटी रंगच बघतात, असं मामांचं म्हणणं. ते खरं नसावं, पण मामांना सांगणार कोण?

इथे जरा गावाची फुशारकी मारून घेतो. आमच्या तालुक्यातल्या अडमला पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ नंतर काही वर्षं उत्खनन केलं. लोहयुगापासूनची आणि त्याच्याही आधीची वस्ती सापडली. तिकडे पारशिवनीकडच्या नाईकुंडला लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी निघाली. विदर्भातल्या शिळावर्तुळांत माणसांसोबत कुऱ्हाडी नि कट्यारी पुरलेल्या आहेत. म्हणजे रानात जाताना कुठलं पातं न्यावं, हा प्रश्न या भागात मोबाइलच्या आधीपासून चालू आहे.

सकाळी ८.३०

दुकान उघडलं. मूठ बसवण्याचं काम माझं. तिवसाच्या लाकडाच्या दोन फळ्या, मधून पात्याचं शेपूट, आरपार पितळी रिबिटा. मूठ गोल करायची नाही, लांबट अंडाकृती करायची. अंधारात हातात घेतली की धार कुठल्या बाजूला आहे हे बोटांना कळलं पाहिजे. मी गिऱ्हाइकाला नेहमी डोळे मिटायला लावतो. लोक हसतात, पण मिटतात.

मधे पाच बाया आल्या, जंगलाकडच्या गावच्या. मोहफुलं वेचून, टोपल्या घरी ठेवून बाजाराला निघालेल्या. दोन विळ्यांना धार लावायची होती. सहज विचारलं, मोह वेचायला जाताना सुरी वगैरे नेता का?

"सुरी कायले? वाघाले दाखवाले?" म्हातारीने विचारलं आणि बाकीच्या चौघी खदखदून हसल्या.

त्या नेतात ते वेगळंच. पाचजणी मिळून जातात, फटफटल्याशिवाय निघत नाहीत, आणि एकसारख्या मोठमोठ्याने बोलत राहतात. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. म्हणून एक जण उभी राहते नि बाकीच्या वेचतात, आळीपाळीने. हे कुठल्याही सुरीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

११.००

पोरगा आला, सोबत मित्र. पंचविशीचा, नागपुरात नोकरी, पाठीवर सामान अडकवायला दहा बंद असलेली बॅग. बॅगेतून त्याने एक पुडकं काढून काउंटरवर ठेवलं. त्यात मोडकी सुरी. आधी सांगितली नव्हती, बहुधा लाजेने.

सुरी दिसायला जोरदार. सात इंची काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ. मुठीच्या टोकाला होकायंत्र, आत काड्यापेटी, गळ, दोरा. अख्खा संसार. १९८२ साली रॅम्बोचा पहिला सिनेमा आला नि तेव्हापासून जगभर या पोकळ मुठींचं पेव फुटलं. सिनेमासाठी चांगल्या कारागिराने हाताने बनवलेली सुरी वेगळी, आणि तिच्या दिसण्यावरून ओतलेल्या हजारो वेगळ्या.

"कुठे मोडली?"

"कॅम्पवर, काका. लाकूड फोडत होतो. सुरी लाकडावर ठेवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत होतो."

मी मोड उजेडात धरली. पातं जिथे मुठीत शिरतं नेमकं तिथे तुटलेलं. आत करंगळीच्या अर्ध्या जाडीचं शेपूट, नटाने आवळलेलं. सगळा ताण त्याच जागी येतो आणि पोलाद सगळ्यात कमी त्याच जागी. मूठ पोकळ ठेवायची तर शेपटाला जागा कुठून आणणार? तरी काड्यापेटी शाबूत होती, हे नमूद केलं पाहिजे.

मग मी मामांचं पातं पुढे केलं. पोराचा चेहरा पडला. साडेचार इंच, चार मिलिमीटर जाड, काळपट, हातोडीचे ठसे तसेच. शेपूट मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीचं, दोन्ही बाजूंनी दिसतं.

"एवढीशीच?"

त्याच्याशी तासभर बोललो. गिऱ्हाईक खोळंबलं, पण असा विषय कुहीत रोज कुठे निघतो? म्हटलं, रानात तू काय करणार ते आधी सांग. तो आठवून सांगू लागला. दोरी कापणं, खुंट्या तासणं, कांदा चिरणं, आग पेटवायला लाकडाचे पापुद्रे काढणं. यातल्या कशाला सात इंच लागतात? पातं पंजाच्या रुंदीपेक्षा थोडं मोठं असलं की ताबा बोटांकडे राहतो. लांब पात्याचं टोक काय करतंय ते आपल्याला उशिरा कळतं, कधी कधी मांडीला आधी कळतं. जाडी तीन-चार मिलिमीटर पुरे. त्याहून जाड पातं भाजी चिरत नाही, फाडतं. पाठ सपाट हवी, काटकोनात, म्हणजे चकमकीच्या कांडीवर घासून ठिणगी पाडता येते. करवतीचे दात नकोत. ते लाकूड कापत नाहीत, आणि पाठीवर अंगठा ठेवायचा तर ठेवू देत नाहीत.

मित्र हुशार निघाला. म्हणाला, "स्वीडनमधल्या मोरा गावची सुरी बघितलीय मी. पातं चारच इंच, जाडी अडीच मिलिमीटर, शेपूट मुठीतच संपतं. तरी सगळे वाखाणतात."

बरोबर आहे. ती मीही वापरली आहे आणि मला आवडते. ती कापण्यासाठी केलेली आहे आणि कापण्याचं काम मन लावून करते. लाकूड फोडायचं असेल तर कुऱ्हाड न्या. लहान कुऱ्हाड माझ्याकडे आहे, पण पोरांना कुऱ्हाड गावठी वाटते आणि सुरी फोटोत चांगली येते. मग एकाच पात्याकडून सगळं करून घ्यायचं म्हणतात, आणि ते जाड करत करत शेवटी कशाच्याच कामाचं राहत नाही.

त्यांनी स्टेनलेसचं विचारलं. नदीकाठी, पावसात, कैरी कापायला स्टेनलेस बरं, मी नाही म्हणत नाही. आमची सुरी कैरी कापून तशीच ठेवली तर संध्याकाळी काळी आणि चार दिवसांत तांबूस. पुसायची, तेलाचा हात फिरवायचा. पण बोथट झाली तर वाटेतल्या कुठल्याही पाथरीवर परत लागते. काही महागड्या स्टेनलेस सुऱ्या इतक्या कडक असतात की त्यांना हिऱ्याची पट्टी लागते; ती घरी विसरली की सुरीही घरी ठेवल्यासारखीच.

मग सहज विचारलं, नेणार कुठे?

"गोठणगाव गेटने आत. कऱ्हांडल्यात."

मी सुरी परत कागदात गुंडाळली. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे २०१३ पासून अभयारण्य आहे. आमच्या तालुक्याचा काही भागही त्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, बाण, फासे, विष यांच्या ओळीत चाकूही बसलेला आहे. लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही. जिप्सीत बसून वाघ बघायला जाणाऱ्याला त्याची गरजही नाही. जय वाघ इथे होता तेव्हा त्याला बघायला देशभरातून लोक आले, कोणाच्या कमरेला सुरी नव्हती. २०१६ च्या एप्रिलनंतर जयच दिसला नाही, ती गोष्ट वेगळी.

"आणि रस्त्यात पोलिसांनी पकडलं तर?" मित्राला आता सगळीच काळजी लागली.

शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांत धरल्या आहेत, घरकामाची नि शेतीची अवजारं वगळून. मामांची त्या मापाच्या जवळपासही जात नाही. तरी शहरात शस्त्रबंदीचे आदेश असतात, तेव्हा कमरेला लावून सीताबर्डीत हिंडू नका, बॅगेच्या तळाशी ठेवा, असं सांगितलं.

सुरी त्याने घेतली. मोडकी माझ्याकडेच टाकून गेला, म्यानासकट. "भंगारात द्या, काका."

दुपारी १.३०

जेवण. वरणभात, वांग्याची भाजी, ठेचा. नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली तेव्हापासून माझं जेवणाचं टायमिंग बिघडलंय. पूर्वी शिटी ऐकून उठायचो. थोडी झोप.

३.३०

दोन डझन विळे पोचवायला वेलतूरवरून आंभोऱ्याकडे गेलो. वैनगंगेवर नवा पूल झालाय, वरच्या काचेच्या गॅलरीत लोक फोटो काढतात. खाली गोसीखुर्दचं फुगलेलं पाणी. १९८८ साली राजीव गांधींनी त्या धरणाचं भूमिपूजन केलं. पुढे पाणी चढलं तशी काठची गावं उठली, शेतं नि झाडं मात्र जागच्या जागी बुडाली.

काठावर एक ढिवर दादा डोंग्यात जाळं आवरत होते. डोंग्याच्या कडेला नायलॉनच्या दोरीने बांधलेली एक सुरी लोंबत होती. जाड हेक्सॉ ब्लेड घासून केलेलं तीन इंची पातं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, दोरीला थर्माकोलचा तुकडा. टोक मोडलेलं.

"टोक काऊन मोडलं दादा?"

"मुद्दाम मोडलं. पाण्यात पाय जाळ्यात फसला त कापाले घाई होते. टोक असलं त पायातच घुसते."

एकदा असं झालं होतं, त्यांनी सांगितलं. पाण्याखाली उभ्या राहिलेल्या झाडाला जाळं अडकलं, ते सोडवायला उतरले, आणि नायलॉनने घोट्याला विळखा घातला. जेवढं ओढावं तेवढं आवळत गेलं. सुरी दोरीवर होती, हाताला लागली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, विडी पेटवली. मी त्यांना पोराच्या मोडक्या सुरीची गोष्ट सांगितली. होकायंत्राचं ऐकून त्यांनी पश्चिमेकडे, खाली उतरत चाललेल्या सूर्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

ती सुरी मी हातात घेऊन डोळे मिटले. रबर ओलं असूनही हात घसरत नव्हता. किंमत विचारली असती, पण विकायची वस्तू नव्हती ती.

संध्याकाळी ७.००

परतताना भट्टीवर थांबलो. मोडकी सुरी मामांसमोर ठेवली. म्हटलं, खुरपं-बिरपं होईल काय याचं? लाइन होती. मामांनी ग्राइंडर सुरू केला. कमानपाट्याचा तुकडा चाकाला लावला की झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पिवळ्या ठिणग्या उडतात. याच्या आखूड, लालसर, चार-दोनच उडाल्या आणि विझल्या. मामांनी उलटसुलट करून पाहिलं, होकायंत्र कानाशी नेऊन हलवलं, आणि पातं भंगारात टाकलं. होकायंत्र नातवाने लंपास केलं.

म्यान मात्र मामांनी हातात धरून ठेवलं. दोन बोटांत दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, नाकाशी नेलं.

"हे कोठून आणलं जी? चांगलं जाड हाय."

शिवण उसवून त्यांनी ते जमिनीवर सपाट पसरलं, जुन्या झडपेचा तुकडा त्यावर ठेवला आणि कोळशाने भोवती रेघ ओढली. मग माझ्याकडे हात केला. कापायला सुरी हवी होती.