घरच्या भट्टीत धोका धुराचा

लोहारकाम शिकू पाहणाऱ्या नवख्याची पहिली भट्टी बहुधा भंगाराच्या दुकानातच जन्म घेते. ट्रकचा टाकाऊ ब्रेक ड्रम, त्याच्या तळाशी हवेसाठी लोखंडी नळी आणि भात्याऐवजी केस वाळविण्याचे यंत्र, एवढ्यावर काम भागते. इंधन म्हणून लोणारी कोळसा सोयीचा. तो लवकर पेटतो, धूरही कमी करतो; ठिणग्या मात्र फार उडवितो.

खरी मेख आहे ती नळीत. नळकामासाठी सर्रास मिळणारी 'जीआय' नळी जस्ताचा मुलामा दिलेली असते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि भट्टीचा गाभा त्याहून सहज अधिक तापतो. त्यातून निघणारा पांढरा धूर छातीत गेला, की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. साधा फ्लू समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक. त्यामुळे काळी, बिनमुलाम्याची नळीच घ्यावी. ओले दगड वा काँक्रीटही भट्टीजवळ नको. आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. भट्टी पेटवावी ती उघड्यावरच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड वासाचीही चाहूल न देता जीव घेतो.

लोखंड नारिंगी-पिवळे झाले, म्हणजे साधारण १००० अंशांपुढे गेले, की घडवावे. लाली उतरल्यावरही ठोकत राहिल्यास तडा जाण्याची भीती असते. ऐरणीच्या जागी रुळाचा तुकडा उत्तम. परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे १९६६च्या कायद्यानुसार गुन्हा असल्याने भंगारवाल्याकडून पावती मागून घेतलेली बरी.