ल्वार खोऱ्यातील श्वेत वाइनचे आम्लगुण आणि नाशिक-खानदेशचा हिवाळा : एक भौगोलिक विवेचन

प्रास्ताविक :
नाशिक जिल्ह्यात वाइन उद्योग स्थिरावल्यापासून शेतकरी कुटुंबांतील आमचे विद्यार्थी एक प्रश्न वारंवार विचारतात. धुळ्यापासून सुमारे दीडशे कि.मी. अंतरावरील नाशिकला जे साधले, ते खानदेशात का साधू नये? या प्रश्नाचे उत्तर बहुधा मातीच्या आधारे दिले जाते. प्रस्तुत लेखकास मात्र ते द्राक्ष पिकण्याच्या काळातील तापमानात शोधणे अधिक योग्य वाटते. त्यासाठी प्रथम फ्रान्सकडे पाहावे लागेल.

ल्वारची श्वेत वाइन :
सुमारे 47° उत्तर अक्षवृत्तालगत असलेल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात सांसेर येथील सॉविन्यों ब्लां आणि वूव्रे येथील शेनिन ब्लां या श्वेत वाइन प्रसिद्ध आहेत. तरतरीत आंबटपणा हा दोहोंचा गाभा होय. सॉविन्योंमध्ये ओल्या गवताची, हिरव्या मिरचीची छटा जाणवते. शेनिनची आम्लता इतकी टिकाऊ असते की तिच्यापासून कोरडी, गोड व फेसाळ अशा तिन्ही प्रकारची वाइन तयार होते.

या गुणाचे मूळ मॅलिक आम्लात आहे. कच्च्या द्राक्षात टार्टरिक व मॅलिक ही दोन आम्ले प्रामुख्याने साठतात. फळ पिकू लागले की श्वसनक्रियेत मॅलिक आम्ल खर्ची पडते आणि उष्णता जितकी अधिक तितका हा खर्च वेगाने होतो. टार्टरिक आम्ल तुलनेने टिकून राहते. ल्वारमध्ये काढणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. त्या सुमारास दिवस लहान व रात्री थंड होत जातात. साखर सावकाश वाढते आणि आम्ल शिल्लक राहते.

नाशिकचा मार्ग :
नाशिक 20° उत्तर अक्षवृत्ताजवळ, सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. येथे वेल हिवाळ्यात निद्रिस्त होत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून फळ जानेवारी ते मार्चमध्ये पिकविले जाते. ल्वारला जे ऋतुचक्र देते, ते नाशिकचा शेतकरी कात्रीने घडवितो! राजीव सामंत यांनी 1997 मध्ये लावलेली वाणे सॉविन्यों ब्लां व शेनिन ब्लां हीच होती, हे लक्षणीय आहे. पुढे 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले.

तथापि एक मूलभूत फरक दुर्लक्षिला जातो. ल्वारचे द्राक्ष थंडीच्या दिशेने पिकते, तर नाशिकचे उन्हाळ्याच्या दिशेने. काढणी आठवडाभर लांबली तरी येथे आम्ल झपाट्याने घसरू शकते. म्हणूनच श्वेत वाइनची द्राक्षे लवकर, शक्यतो पहाटे तोडून रस थंड ठेवावा लागतो. उष्ण प्रदेशात रसात टार्टरिक आम्ल मिसळण्याची पद्धतही आहे. पण मिसळलेल्या आम्लाने गेलेला सुगंध परत येत नाही.

खानदेशची स्थिती :
तापी खोऱ्यात थंडी नाही, असे कोणी म्हणू नये. रावेर-यावलच्या केळीबागांना बसणारा चरका तिची साक्ष देतो. अडचण रात्रीची नसून फेब्रुवारीच्या दिवसांची आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर उंच. तेथे ऊन लवकर तापते आणि आम्ल राखणारा काळ आखूड होतो. साक्री तालुक्याचा सह्याद्रीलगतचा पश्चिम भाग तुलनेने उंच असल्याने त्याचा स्वतंत्र विचार व्हावा.

लागवडीचा सल्ला देण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना हे तपासता येईल. जानेवारीपासून दर आठवड्यास त्याच बागेतील द्राक्षांचा 10 मि.लि. रस घेऊन, फिनॉफ्थॅलीन दर्शक वापरून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करावे. लागलेल्या मिलिलिटरच्या संख्येस 0.75 ने गुणल्यास टार्टरिक आम्लाच्या स्वरूपात एकूण आम्लता ग्रॅम प्रतिलिटरमध्ये मिळते. सोबत त्या आठवड्याचे कमाल व किमान तापमान नोंदवावे. साक्री व रावेर येथील दोन हंगामांचे असे आलेख शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला अंदाजाऐवजी आकड्यांनी उत्तर देता येईल.