श्रुतींचा हिशेब: सांगली, सातारा आणि मिरज

मिरजेच्या गाण्याचा विषय निघाला की गोष्टी बहुधा माणसांच्याच निघतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम, १८९६ साली गुरुगृह सोडून निघालेले विष्णु दिगंबर, दर्ग्यात सेवा करणारे अब्दुल करीम खाँ. या गोष्टी सांगायलाच हव्यात. पण त्याच काळात या कृष्णाकाठी स्वर मोजून पाहण्याचा मोठा खटाटोप झाला. त्याची आठवण कमी निघते, आणि मला ते खटकतं.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. जुन्या ग्रंथांतल्या बावीस श्रुती नेमक्या कुठे लागतात, हे त्यांना आकड्यांत पकडायचं होतं. १९१० साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तिका काढली. सनदी नोकरीतले इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनाही याच विषयाचा ध्यास. १९११ मध्ये साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी राहिली ती या दोघांच्या पुढाकाराने. मोजायला गळा मात्र हवा होता. तो अब्दुल करीम खाँसाहेबांनी दिला. ते गात, आणि देवल तारेची लांबी मोजून त्या सुराचं प्रमाण काढत. किराण्याचा हा उस्ताद घराण्याची विद्या मुठीत झाकून बसला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुद्दा वरवर बारीक दिसतो. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर त्याच्याशी खरा मिळणारा गंधार ३०० वर येतो. बाजारात मिळणाऱ्या पेटीचा गंधार मात्र ३०२ च्याही वर बोलतो, कारण तिचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तयार कानाला एवढा फरक सहन होत नाही. म्हणून लंडनच्या मूर नावाच्या कारागिराकडून खास श्रुतींची पेटी बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली, पण जमलेल्या जाणकारांना पटली नाही. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे तर या श्रुतिगणिताच्या विरोधातच होते.

पेटी मागे पडली ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. दरबारी रागाचा कोमल गंधार आंदोलन घेतो. तो एका पट्टीवर थांबणार कसा? पण देवलांचा प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, तेव्हाही तयार होत होतं.

मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं. तंबोऱ्याला पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि सगळ्यात अवघड काम तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचं. कारागीर घोडीचा माथा कानसेने जरासा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेतो; यालाच जवारी लावणं म्हणतात. एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो आणि खर्जाच्या तारेतून, कुणीही न लावलेला गंधार ऐकू येऊ लागतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. देवलांच्या हिशेबातला ३०० चा गंधार तो हाच. कारागीर तो आकड्याशिवाय, नुसत्या कानाने जवारीत आणतो.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर वारले. त्यांना दफन केलं ते मिरजेत. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही उशिरा का होईना, बरं झालं.

आता एक काम उरलं आहे. देवल-क्लेमंट्स यांचं लेखन इंग्रजीत आहे. सांगली-साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयाने ते सटीप मराठीत आणावं, आणि टीपा लिहायला बसताना मिरजेच्या एका जुन्या कारागिराला शेजारी बसवावं.