मिठाच्या खड्यातील जमाखर्च

रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागणारा, सुरीने सहज कापता येईल इतका मऊ सोडियम आणि हिरवट-पिवळा, विषारी क्लोरीन वायू यांच्या संयोगातून आपल्या रोजच्या जेवणातले मीठ निर्माण व्हावे, याचे रहस्य त्यांच्या अणूंच्या बाह्यतम कवचात दडलेले आहे. सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी, तर क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची २, ८, ७ अशी असते. सोडियमने आपला तो एकाकी इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या हवाली केला, म्हणजे पहिल्याला निऑनची आणि दुसऱ्याला आर्गॉनची स्थिर रचना लाभते व त्यांचे अनुक्रमे धन आणि ऋण आयन होतात. निष्क्रिय वायूंच्या रचनेशी असलेला हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर कॉसेल यांनी १९१६ साली विशद केला. तथापि हा इलेक्ट्रॉन सोडवून घेण्यास जितकी ऊर्जा खर्ची पडते, तितकी क्लोरीनने त्याचा स्वीकार केल्याने परत मिळत नाही; ही तूट भरून निघते ती विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने, जेव्हा प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे ६ आयन येऊन घनाकृती स्फटिक सिद्ध होतो. म्हणूनच आयनाच्या स्थैर्याचा विचार करताना त्याच्या कवचाबरोबर त्याच्या शेजाऱ्यांचाही हिशेब मांडावा लागतो.